थेंब तुटला नाही

इंजिनाचं टायमिंग बघायचं अवजार भंगारातून बनतं. जुन्या हायप्रेशर पाइपाचा वीतभर तुकडा कापायचा, तोंड खाली येईल असा वाकवायचा, झालं. बीड, गेवराई, माजलगावकडच्या विहिरींवर किर्लोस्करची एक सिलिंडरची जी इंजिनं आहेत, त्यांना एवढं पुरतं. मी मात्र या नळीवर जे घोटाळे केले, त्यांचे पैसे गिऱ्हाइकांनी भरले.

आधी इंजिनाच्या डिझेल पंपाचा होल्डर खोलून आतला डिलिव्हरी व्हॉल्व्ह नि स्प्रिंग काढायची, होल्डर परत बसवून त्यावर नळी कसायची. टाकी उंचावर असल्याने डिझेल आपसूक वाहू लागतं. मग फ्लायव्हील चालत्या दिशेनेच सावकाश फिरवायचं. पंपातला प्लंजर वर चढून डिझेल आत यायचं भोक झाकू लागला की धार बारीक होते, थेंबांवर येते आणि तुटते. डिझेल दाबलं जायला सुरुवात होते ती इथे, आणि फ्लायव्हीलची खूणही इथेच जुळायला हवी. किर्लोस्करच्या एव्ही-१ इंजिनाला ती पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या 23 अंश आधी येते. 1500 आरपीएमला एक अंश म्हणजे सेकंदाचा 9000वा भाग. हे कानाने ओळखतो म्हणणारे मिस्त्री भेटतात; माझा विश्वास नाही.

गेवराईकडच्या एका इंजिनाची धार काही केल्या तुटेना. "मामा, एलिमेंट गेलंय," मी सांगून मोकळा. एलिमेंट म्हणजे पंपातली प्लंजर नि बॅरलची जोडी. मामा बीडला जाऊन नवं 'मायको' घेऊन आले. (कंपनीचं नाव 2008 पासून बॉश झालंय, पण आमच्या तोंडात मायकोच.) नवं बसवलं तरी धार तशीच! तेव्हा कुठे इंजिन बंद करायच्या खटक्याकडे लक्ष गेलं. तो ओढलेलाच होता. खटक्याने सरकणारा पंपाचा रॅक बंदवर असला की प्लंजरची उभी खाच भोकासमोर येते आणि डिझेल कोंडतच नाही. खटका सोडला, थेंब तुटला. मामांना मी काही बोललो नाही. जुनं एलिमेंट ठेवून घेतलं, पुढे दुसऱ्याच्या इंजिनात घातलं. छान चाललं.

दुसरा घोटाळा शिमचा. "पाणी जोरात काढ" म्हणून एकाने गळ घातली, तर मी डिझेल पंपाखालची एक शिम, म्हणजे पातळ पत्री, काढली. शिम काढली की पंप खाली बसतो, डिझेल लवकर पडतं. इंजिन टणटण वाजू लागलं, हँडल उलटं मारू लागलं. मला वाटलं, ताकद आली! गहू निघायच्या आत कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. नळी पेटीतच होती. एकदा लावून पाहिली असती, तर खूण पुढे गेलेली लगेच दिसली असती.

तेव्हा मिस्त्री "एलिमेंट गेलंय" म्हणाला, की पैसे काढण्याआधी त्याला खटका सोडून पुन्हा फिरवायला लावा. आणि जास्त पाण्यासाठी शिम काढायला कुणालाही सांगू नका.