उतारावरचा माणूस

आपल्या मराठीत माणूस चढला की मोठा होतो आणि उतरला की संपतो. फ्रान्सच्या ज्याँ-क्लोद किली यांनी मात्र उतरूनच कीर्ती मिळविली. आम्हां माळव्यातील मंडळींना बर्फ ठाऊक तो उसाच्या रसातला. तरीही सेवानिवृत्तीनंतर या गृहस्थांविषयी वाचण्यात आमच्या कित्येक दुपारी गेल्या.

१९४३ साली पॅरिसजवळ जन्मलेले किली आल्प्समधील व्हाल दीझेर या गावी वाढले. युद्धात वैमानिक असलेल्या त्यांच्या वडिलांनी तेथे स्कीचे दुकान थाटले होते. १९६८ च्या ग्रनोब्ल ऑलिंपिकमध्ये डाउनहिल, जायंट स्लॅलम व स्लॅलम या तिन्ही शर्यती किलींनी जिंकल्या. डाउनहिलमध्ये त्यांच्यात व त्यांचेच देशबांधव गी पेरिया यांच्यात अंतर होते अवघे ०.०८ सेकंदाचे. (तेवढ्या वेळात आमच्या कचेरीत पेनाचे टोपणही निघत नसे.) स्लॅलम धुक्यात झाली. ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्त्स यांनी वाटेत कोणी आडवे आल्याचे सांगून पुन्हा धाव घेतली, सरस वेळ नोंदविली, पण अखेर ते बाद ठरले.

त्याच वर्षी, पंचविशीच्या उंबरठ्यावर, किली हौशी स्पर्धांतून निवृत्त झाले. पुढच्या जाहिराती, मोटारी, एक चित्रपट, हा भाग आम्ही भरभर ओलांडतो. आमचे मन रेंगाळते ते आल्बेरव्हील येथे.

१९९२ चे हिवाळी ऑलिंपिक आपल्या डोंगरांत यावे म्हणून किली झटले. १९८६ मध्ये यजमानपद मिळाले. मग खर्च आवरण्यासाठी स्पर्धास्थळे कमी करण्याची योजना त्यांनी मांडली आणि वगळलेली गावे खवळली. दवाखाना एक आणि मागणारी गावे पाच, हा प्रसंग ज्याने शासकीय सेवेत निभावला आहे, त्याला अधिक सांगणे नलगे. जानेवारी १९८७ मध्ये किलींनी राजीनामा दिला. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी, अभिनेत्री दानिएल गोबेर, कर्करोगाने निवर्तल्या.

राजीनामे आम्ही पुष्कळ पाहिले. ज्यांचा रोष ओढवला त्याच माणसांसमोर पुन्हा येऊन बसणारा मात्र विरळा. १९८८ मध्ये किली परतले आणि मिशेल बार्निए यांच्यासह सहअध्यक्ष म्हणून त्यांनी काम तडीस नेले. तीन पदकांहून हे परतणे आम्हांला मोठे वाटते.

१९९२ ची पुरुषांची डाउनहिल व्हाल दीझेर येथेच झाली. फ्रान्सचे फ्रँक पिकार ०.०५ सेकंदाने हरले. सुवर्णपदक ऑस्ट्रियाला गेले.