रबराचं वय

१४ जून २०२५, शनिवार

निखिल चहाच्या वेळेला आला तो मोबाइल पुढे करूनच. काळी जर्मन एसयूव्ही, तीन लिटरचं डिझेल इंजिन, २०१४ चं मॉडेल, दिल्ली पासिंग. मीटरवर ५२ हजार, मागणी साडेआठ लाखांची. ‘मामा, नवी होती तेव्हा पाऊण कोटीच्या घरात होती ही.’ विकणाऱ्यानेही त्याला हेच ऐकवलं असणार.

दिल्लीची गाडी स्वस्त का, यात गूढ काही नाही. २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना रस्ता बंद केला. तेव्हापासून ही धुतली-पुसलेली धुडं एनओसी घेऊन महाराष्ट्रात उतरतात. इथे आल्यावर पुन्हा रोड टॅक्स, पुन्हा नंबर. तो खर्च फोटोत दिसत नाही. शिवाय २०२९ मध्ये पंधरा वर्षं भरली की फिटनेस, नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि वर पर्यावरण कर.

कमी किलोमीटरवर तो खूश आहे. मला तीच भीती वाटते. अकरा वर्षांत ५२ हजार, म्हणजे गाडी उभीच राहिली. लोखंड किलोमीटरने झिजतं, रबर कॅलेंडरने.

१५ जून, रविवार

गाडी बघायला विकणाऱ्याच्या यार्डात गेलो. गाडी आधीच स्टार्ट करून ठेवलेली. ‘एसी थंड करून ठेवला, साहेब.’ हा आदर मी ओळखतो. हवेच्या सस्पेन्शनची गाडी रात्रीतून बसली असेल तर इंजिन चालू झाल्यावर उठून उभी राहते, गिऱ्हाइकाला काही कळत नाही.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचला: ३११६. २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, बाजूला बोटभर भेगा. ‘टायर नव्यासारखे आहेत’ असं निखिल म्हणाला. दिसायला आहेतच.

उद्या सकाळी येतो, तोवर चावी लावू नका, असं सांगून निघालो. यार्डवाल्याचा चेहरा जरा उतरला.

१६ जून, सोमवार

पुढची डावी बाजू चार बोटं खाली. अपेक्षित.

निखिलला तिथेच उभं करून समजावलं. या गाड्यांत स्प्रिंगच्या जागी हवा भरलेली रबरी पिशवी असते. गाडी वर-खाली होताना तिला घडी पडते, त्या घडीवर वर्षानुवर्षांनी बारीक भेगा पडतात. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात. भेग लहान असेपर्यंत कुणी लक्ष देत नाही, कारण कॉम्प्रेसर निमूट हवा भरत राहतो. थोडा वेळ चालून थांबायचं यंत्र मग सारखं चालतं, तापतं आणि एक दिवस जळतं. पिशवीचा खर्च टाळणारा माणूस कॉम्प्रेसरचाही खर्च ओढवून घेतो.

भाव विचारले. अधिकृत काउंटरवर एका बाजूचा नवा स्ट्रट १,२०,०००. बाहेरच्या कंपनीचा ४५,०००. जुन्याच स्ट्रटवर नवी पिशवी बांधून घेतली तर २५,०००, पण बांधणारा हात चांगला हवा. कॉम्प्रेसर ४० हजारांच्या पुढे. काही जण हे सगळं काढून साधी लोखंडी स्प्रिंग टाकतात. गाडी चालते, पण ज्या मऊपणासाठी घेतली तोच जातो.

२० जून, शुक्रवार

पालख्या शहरात. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामी, म्हणजे स्पेअर पार्टच्या गल्लीत आज बेअरिंगऐवजी खिचडीचं वाटप. विम्याचा एकही सर्व्हे नाही. घरी बसून जुन्या फायली लावल्या.

२४ जून, मंगळवार

निखिलने रात्री पर्यायांची यादी पाठवली: एमएल, केयेन, एक्स-५, रेंज रोव्हर. सगळ्या दहा वर्षांच्या पुढच्या. यांची दुखणी काही माझ्या पोतडीतली नाहीत, जगभरच्या मेकॅनिकांना पाठ आहेत.

एमएलमधलं मर्सिडीजचं ओएम ६४२ हे व्ही-६ डिझेल इंजिन मुळात दणकट. पण त्याचा ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, टर्बोच्या खाली बसवलाय. त्याचे सील उष्णतेने कडक होतात आणि ऑइल पाझरतं. सीलची किंमत किरकोळ. तिथवर पोचायला मॅनिफोल्ड आणि टर्बो उतरवावा लागतो, बिल त्या उतरवण्याचं येतं. त्याच इंजिनात टर्बोच्या तोंडाशी असलेलं सील गळलं की तेल खाली इनटेकच्या मोटरवर ठिबकतं आणि ती मोटर मरते. म्हणजे कामातून गेलं रबर, बदलायची मोटर.

पहिल्या पिढीच्या केयेनमध्ये, सुरुवातीच्या व्ही-८ इंजिनांत, कूलंटचे पाइप प्लास्टिकचे होते आणि तेही इंजिनाच्या तापल्या कुशीत. ते तडकतात; मग ॲल्युमिनियमचे बसवतात. ज्याचे बदललेले असतील तीच घ्यावी. एक्स-५ च्या जुन्या पेट्रोल व्ही-८ मध्ये व्हॉल्व्हचे सील म्हातारे होतात: सिग्नलला चांगली दोन मिनिटं उभी करायची, सुटताना निळा धूर आला की पाठ फिरवायची. रेंज रोव्हरला हवेचं सस्पेन्शन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, आणि ती पिशवीची रड तेव्हापासूनच.

वरच्या दुखण्यांत क्रँक तुटला, पिस्टन फुटला असं काही नाही. इंजिनियरांनी धातूचं काम चोख केलंय. मला या गाड्यांचा राग येत नाही तो त्यामुळेच.

२८ जून, शनिवार

रात्रभर पाऊस. यार्डात जाऊन त्याच काळ्या गाडीच्या सनरूफच्या खाचेत तांब्याभर पाणी ओतलं. ते चारही कोपऱ्यांच्या नळ्यांतून चाकांमागे खाली पडायला हवं. मागे पडलं, पुढे उजवीकडे नाही. पायाखालचा गालिचा दाबला, ओला लागला. धूळ आणि गुलमोहराची पानं नळीत बसतात, पाणी छतातून खांबात, खांबातून गालिच्याखाली. तिथे तारांचे जोड आणि कंट्रोल मॉड्यूल असतात. काही गाड्यांत, उदाहरणार्थ केयेन आणि टुआरेगमध्ये, बॅटरीच पुढच्या सीटखाली आहे. नळी साफ करायला अर्धा तास लागतो; भिजलेलं मॉड्यूल बदलून कोडिंग करायचं म्हटलं तर लाखाच्या गोष्टी सुरू होतात.

निखिलने विचारलं, ‘हे इन्शुरन्समध्ये बसेल ना?’ नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीच्या बाहेर. अपघात झाला तरी झीरो-डेप नसताना रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, आणि तोही गाडी शोरूममधून निघाली त्या दिवसापासून. धातूच्या पार्टला त्या ५० टक्क्यांपर्यंत पोचायला दहा वर्षं ओलांडावी लागतात. आमचा घसाऱ्याचा तक्ता करणाऱ्यांना सगळं आधीच कळलेलं होतं.

४ जुलै, शुक्रवार

दिल्लीत १ तारखेपासून जुन्या गाड्यांना पंपावर इंधन बंद केलं होतं. काल तिथल्या सरकारनेच ते थांबवा म्हणून हवेच्या दर्जाचं बघणाऱ्या आयोगाला पत्र लिहिलं. यार्डवाला लगेच फोनवर: ‘साहेब, आता दिल्लीचा माल महाग होणार.’ आठवड्यापूर्वी हाच माणूस दिल्लीचा माल पडत्या भावात मिळाला म्हणत होता.

५ जुलै, शनिवार

निखिल घेणारच. माझ्या नकाराला काही अर्थ उरला नाही, म्हणून कागदावर आकडे मांडून दिले: पुढचे स्ट्रट ९०,०००, टायर ८०,०००, गियरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर २५,०००, गालिचा उचलून जोड सुकवणं १०,०००. कॉम्प्रेसरचे वेगळे बाजूला ठेवायचे. यार्डवाल्यासमोर कागद ठेवला आणि गप्प बसलो. साडेआठचे सहा-साठ झाले.

निखिलने डावा स्ट्रट मागवला. उजवाही मागव म्हटलं. दोघांचं वय एकच आहे.