चिकट फोन

परवा एका ऑफिसातून तक्रार आली. तिथल्या एका बाईंच्या डोक्यावरच अ‍ॅक्सेस पॉइंट, तरी त्यांच्या फोनवर वायफाय रखडायचं. जाऊन पाहिलं तर फोन अजून लांब दाराजवळच्या अ‍ॅक्सेस पॉइंटलाच धरून बसलेला! सकाळी आत शिरताना जो भेटला, तोच. आमच्या धंद्यात अशा फोनला 'चिकट' म्हणतात.

मी 'इंटरनेट दुरुस्त करतो' एवढंच घरच्या मंडळींना ठाऊक, म्हणून थोडं सांगतो. छतावर ताटलीएवढे पांढरे डबे दिसतात ना, ते अ‍ॅक्सेस पॉइंट. चालू झाले की ते आपला कंट्रोलर शोधतात, ओळख पटवतात आणि पुढचं सगळं त्याच्याकडून घेतात. कुणी कोणत्या चॅनलवर बोलायचं, किती जोरात बोलायचं, हे कंट्रोलर ठरवतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच धरतात, १, ६ आणि ११. शेजारच्या दोघांना एकच चॅनल दिला तर एक बोलताना दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. सगळ्यांचं ऐकून वाटणी करणारा कुणीतरी हवाच.

पण एक गोष्ट कंट्रोलरच्या हातात नाही. जुना अ‍ॅक्सेस पॉइंट सोडून नवा कधी धरायचा, हे फोन स्वतः ठरवतो. 'पलीकडचा जवळ आहे, तिकडे जा' असं कंट्रोलर सुचवू शकतो. फोनने ऐकलंच पाहिजे असं नाही. जबरदस्तीने जोडणी तोडली तर चालू कॉल तुटतो, आणि पुष्कळदा फोन परत त्याच जुन्या दारात जाऊन उभा राहतो.

मग उपाय? जुन्या अ‍ॅक्सेस पॉइंटची ताकद कमी करायची. तो क्षीण ऐकू यायला लागला की फोन आपणहून दुसरा शोधतो. बाईंचं काम तसंच झालं.

घरी येताना मात्र चैन पडेना. आई गेल्यापासून आप्पा वाईजवळच्या गावी एकटे राहतात. 'पुण्याला चला' म्हणून मी सांगून थकलो. ऐकत नाहीत म्हटल्यावर मी काय केलं? 'अर्धं घर भाड्याने देऊ', 'म्हैस विकून टाका', 'परसातलं आता कोण बघणार' असं दर फोनला सुरू केलं. म्हणजे जुन्या घराची ताकद हळूहळू कमी करत होतो! आणि मला वाटत होतं, मी त्यांची काळजी घेतोय.

कंट्रोलरला आपणहून त्याच्या डब्यांना काय ऐकू येतं तेवढंच कळतं. फोनला काय ऐकू येतं, ते फोनने सांगितलं तरच कळतं. त्या घरात आप्पांना काय ऐकू येतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

असो. गेल्या शनिवारी एक अ‍ॅक्सेस पॉइंट घेऊन गावी गेलो आणि पडवीत बसवला. महिन्यातला एक आठवडा तिथूनच काम करायचं ठरवलंय. मी शिडीवर चढलो होतो. आप्पा खालून शिडी धरून म्हणाले, "हे वीज किती खातं रे?"

"छोट्या बल्बाएवढी."

"मग असू दे," म्हणाले, आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.