बिनतिकिटाची फेरीबोट

आपल्या मोहल्ल्यातल्या घरांमध्ये प्रवास होत नाही असे नाही. लग्नाला जातो, मय्यतीला जातो, मिरजेच्या उरुसाला जातो, दवाखान्यासाठी पुण्या-मुंबईला जातो. ऐपत झाली तर उमरा, आणि नशिबात असेल तर हज. पण नुसते पाहण्यासाठी, काही काम नसताना, बायका-मुलांना घेऊन कुठे गेलो असे सांगणारी माणसे फार थोडी. पैसा हे त्याचे एक कारण आहेच. मात्र पैशाच्याही आधी एक विचार आडवा येतो. पाहण्यासाठी फिरणे हा दुसऱ्या लोकांचा शौक, आपला नव्हे. कुरआनात तर जमिनीवर फिरा आणि पाहा असे सांगितले आहे, आणि मुसाफिराला नमाजही कमी करून दिली आहे. म्हणजे सफरीची सोय आधीच करून ठेवलेली आहे. सफर तेवढी आपण केलेली नाही.

त्यातून सफर पाण्यावरची असेल तर विचारायलाच नको. आम्हा कोल्हापूरकरांना बोट ठाऊक आहे ती दोन प्रकारची. एक रंकाळ्यातली, सुट्टीत मुलांना दहा मिनिटे फिरवून आणणारी. दुसरी महापुरातली. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी 43 फुटांची आहे. आमचे घर नदीकडच्या बाजूला. अम्मांना रात्री रबरी बोटीतून बाहेर काढले. ज्या जवानाने त्यांना उचलून बोटीत ठेवले त्याची भाषा त्यांना कळत नव्हती आणि त्यांची त्याला. त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. 2021 मध्ये पुन्हा पाणी आले. तेव्हापासून आमच्या घरात बोट म्हणजे जीव वाचवण्याची वस्तू. तिच्यात कुणी हौसेने बसते हे अम्मांना पटत नव्हते.

अशा घरातून आम्ही जानेवारी 2025 मध्ये गोव्याला निघालो, आणि तेही फेरीबोटीत बसायला. महिनाभरापूर्वीच, 18 डिसेंबर 2024 रोजी, मुंबईहून घारापुरीला जाणाऱ्या प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकून डझनाहून अधिक माणसे गेली होती. अम्मांनी ते टीव्हीवर पाहिले होते. तरी त्या यायला तयार झाल्या, त्याचे कारण धाकटी नात. ती म्हणाली, "दादी, समंदर नहीं है, नदी है." नदीचे नाव ऐकून तर त्यांना जास्तच भीती वाटायला हवी होती, पण नातीपुढे त्या काही बोलल्या नाहीत.

हिशेब असा होता. माणसे पाच, सुट्टी रविवारची एकच, सोमवारी शाळा. शनिवारी रात्रीची एसटी धरायची, आजरा-आंबोली घाटातून पहाटे पणजी, दिवसभर फिरायचे आणि रात्रीच्या गाडीने परत. म्हणजे लॉज नाही. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. मुलांचे अर्धे. डब्यात चपात्या, कोरडा खिमा, उकडलेली अंडी आणि चटणी. जाणे-येणे, चहापाणी, अभयारण्याचा प्रवेश, सगळे मिळून चार हजारांच्या आत बसले. समुद्रकिनारा आम्ही मुद्दामच यादीतून काढला होता. गोवा म्हणजे किनारा आणि दारू, एवढेच आमच्या लोकांच्या डोक्यात असते. तो गोवा आम्हाला पाहायचाच नव्हता.

पणजीत उतरलो तेव्हा उजाडत होते. मांडवीच्या काठाने थोडे चालले की एक जुनी, उतरत्या छपराची मोठी इमारत लागते. तिला आजही आदिलशहाचा राजवाडा म्हणतात. विजापूरच्या युसूफ आदिलशहाने बांधलेला हा वाडा पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉयांचे निवासस्थान झाला आणि गोवा मुक्तीनंतर सचिवालय. आमचा पन्हाळाही एके काळी त्याच आदिलशाहीत होता. मुलांना हे सांगितल्यावर थोरल्याने विचारले, "मग तेव्हा इकडे यायला हद्द नव्हती?" नव्हती. तिकिटाचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसला होता.

तिथून लोकल बसने रायबंदर. पणजी ते रायबंदर हा रस्ता पाण्यातून बांधून काढलेला आहे. तो 1633-34 मधला. सुमारे तीन किलोमीटरचा, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खाजण आणि मिठागरे. इथे एक गोष्ट ध्यानात आली. शाळेत आम्ही बेटाची व्याख्या शिकवतो, चारी बाजूंनी पाणी असलेला भूभाग. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, पश्चिमेला समुद्र. म्हणजे पणजी, रायबंदर, जुने गोवे हा सगळा तिसवाडी तालुका स्वतःच एक बेट आहे. पोर्तुगीज त्याला 'इल्हास', म्हणजे बेटेच, म्हणत. आम्ही बसमधून आरामात एका बेटावर आलो होतो आणि आता दुसऱ्या बेटावर, चोडणला, जाणार होतो.

रायबंदरच्या धक्क्यावर अम्मांनी आधी तिकिटाची खिडकी शोधली. खिडकी नाही. सरकारच्या नदी परिवहन खात्याची बोट, आणि पायी माणसाला तिकीट नाही. "मुफ्त?" त्यांनी दोनदा विचारले. फुकट म्हटले की आपल्याला शंका येते. फुकटच्या रांगा आपल्या ओळखीच्या आहेत, तिथे उभे राहताना मान खाली असते. इथे मान खाली घालण्याचे कारण नव्हते. चोडणच्या लोकांचा हा रोजचा रस्ता आहे, आणि रस्त्याला कुणी तिकीट मागत नाही.

बोट म्हणजे एक सपाट लोखंडी तराफाच. तळ पसरट, मध्ये गाड्यांसाठी मोकळी जागा, कडेला माणसांसाठी बाके, वर चालकाची खोली. धक्का नदीत उतरता बांधलेला असतो. बोट त्याला नाक लावते, पुढची लोखंडी फळी साखळ्यांनी खाली येते आणि घोळक्याने माणसे, स्कूटरी, एखाददुसरी मोटार बाहेर पडते. भरती असो की ओहोटी, उतरत्या धक्क्यामुळे बोट कुठे तरी टेकतेच. ते बाहेर पडले की आपण आत. कुणी ओरडत नाही. अम्मा फळीपाशी थांबल्या. मागून मासळीची टोपली घेतलेली एक बाई आली. तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. अम्मांचा दंड धरला आणि कोकणीत काही तरी बोलत त्यांना आत नेऊन बाकावर बसवले. पुन्हा भाषा कळत नव्हती, आणि पुन्हा अडले नाही.

पलीकडे जायला दहा मिनिटेही लागत नाहीत. मांडवी इथे रुंद आहे, पण पाणी शांत. अम्मा ओठांत काही पुटपुटत होत्या. मध्यावर आल्यावर त्यांनी पुटपुटणे थांबवले आणि बाकावरून वळून पाण्याकडे पाहिले. 2019 नंतर त्या पंचगंगेच्या घाटावरसुद्धा गेल्या नव्हत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत, आम्हीही विचारले नाही.

चोडणच्या धक्क्यावर उतरले की जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. आमच्या सफरीचे खरे कारण हेच. अवघे 1.78 चौरस किलोमीटरचे, 1988 मध्ये घोषित झालेले. बेटाच्या पश्चिम टोकाला, मांडवी आणि म्हापसा नदीच्या संगमावरची ही खारफुटी. चिखलातून वर आलेली श्वासमुळे भाल्यासारखी उभी. चिखलावर निवट्या उड्या मारतात, मासा असून जमिनीवर. खंड्या, बगळे, पाणकावळे, वर घिरट्या घालणारी तांबूस ब्राह्मणी घार. मुले पक्ष्यांपेक्षा निवट्यांवर जास्त खूश होती.

आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून नावाशी अडखळलो. मराठीत आपण 'सलीम' लिहितो, पण ते मुळात 'सालिम'. इंग्रजी पुस्तकांवर ते आपल्या नावातल्या 'ए'वर तिरकी रेघ देत, ती याचसाठी. सालिम म्हणजे अभंग, सुखरूप. आपल्या घरात कुणी गावाला निघाले की म्हाताऱ्या म्हणतात, सही-सालिम जाओ, सही-सालिम आओ. तोच शब्द.

सालिम अली मुंबईच्या बोहरा घराण्यातले. जन्म 12 नोव्हेंबर 1896. लहानपणीच आई-वडील गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सांभाळले. छर्ऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला हलाल की नाही, असा प्रश्न त्या पोराला पडला आणि तो मामांकडे गेला. मामांनाही ओळखता येईना, म्हणून त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवले. मिलार्डनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि पोराची वाट ठरली. हा प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. प्रश्न दीनी होता, उत्तर शोधता शोधता तो इल्मी झाला, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने 'फालतू सवाल मत पूछ' म्हणून गप्प केले नाही. आपल्या किती घरांत, आणि खरे सांगायचे तर किती वर्गांत, अशी चिमणी घेऊन आलेल्या पोराला पुढे पाठवले जाते?

पुढेही त्यांची वाट सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी हाती नव्हती, म्हणून हवी ती नोकरी मिळाली नाही. 1930 च्या दशकात त्यांनी संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली, ती मेहनताना न घेता, तंबू आणि प्रवासाच्या खर्चावर. कमी पैशात फिरणे म्हणजे कमी पाहणे नव्हे, याला याहून मोठा दाखला कुठला? 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' 1941 मध्ये आले. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 20 जून 1987 ला ते गेले आणि पुढल्या वर्षी चोडणच्या या चिखलाला त्यांचे नाव लागले. मुसलमानाचे नाव मशिदीवर असते, दर्ग्यावर असते, रस्त्याच्या पाटीवर असते आणि कधी कधी ती पाटी बदलतेही. इथे ते झाडा-पाखरांवर होते आणि कुणाला त्याचे काही वाटत नव्हते.

दुपारी त्याच बोटीने परतलो आणि बसने जुने गोवे गाठले. हे पूर्वीचे एला, आदिलशाहीचे भरभराटीचे बंदर. अरबी घोडे इथे उतरत आणि हजचे यात्रेकरू इथून जहाजावर चढत. 25 नोव्हेंबर 1510 रोजी अल्बुकर्कने ते जिंकले आणि शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. आदिलशहाच्या तिथल्या महालाची आता एक दगडी चौकट तेवढी उभी आहे. पुढच्या धक्क्यावरून दिवाडी बेटाची बोट सुटते. तीही बिनतिकिटाची. दिवाडीवर सप्तकोटेश्वराचे मंदिर होते. ते बहमनी फौजांनी एकदा पाडले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा. पलीकडच्या तीरावर नार्वे येथे शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये ते नव्याने उभारायला लावले. मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. चौकटीपाशी हळहळायचे आणि देवळाच्या गोष्टीला गप्प राहायचे, असा इतिहास आम्हाला शिकवायचा नाही. आज दिवाडीच्या बोटीत क्रूस घातलेली म्हातारी, कपाळाला गंध लावलेला मास्तर आणि बुरख्यातल्या आमच्या अम्मा एकाच बाकावर बसल्या होत्या. त्यांना पुढच्या बसची चिंता होती.

पूल असता तर बरे झाले असते का, हा प्रश्न बेटावरच्या माणसांनी सोडवायचा आहे. रात्री दवाखाना गाठायचा असला तर बोटीची वाट पाहणे काय असते, हे पुरातून निघालेल्यांना सांगावे लागत नाही. पण 5 जुलै 1986 रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला तेव्हा लोक पुन्हा बोटीतच चढले होते. आमच्या सफरीनंतर, जुलै 2025 मध्ये, रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो बोटी सुरू झाल्या. म्हणजे या बोटी अजून मोडीत निघालेल्या नाहीत.

सोमवारी सातवीच्या वर्गात बेटाचा धडा काढला. फळ्यावर तिसवाडी, चोडण, दिवाडी काढले. सालिम अलींचे नाव उर्दूत लिहिले, तशी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ये अपने में के थे?" हो म्हटले. मग चिमणीची गोष्ट सांगितली, आणि विचारले, आपल्या शाळेच्या आवारात किती प्रकारचे पक्षी येतात? कावळा, चिमणी, कबूतर, इथे वर्ग थांबला. त्या आठवड्यात त्यांनी चौदा मोजले. चार आम्हालाही ओळखता आले नाहीत.

यंदा शाळेची सहल चोडणला न्यायची ठरली आहे. सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. राज्याबाहेर जायचे म्हणून परवानगीचे कागद जास्त लागतात, ते चालू आहेत. पालकसभेत मुलींच्या आयांनी अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "पानी में से जाना है?" आम्ही अम्मांना सभेला बोलावले होते. त्यांनी बोट किती मोठी, बाक कुठे, किती मिनिटे लागतात, सगळे सांगितले. आणि पैसे नाहीत, हेही दोनदा सांगितले. आतापर्यंत बावीस मुलींची संमतिपत्रे आली आहेत. नऊ यायची आहेत.