कादंबऱ्यांतील नायिका व आमच्या मुली

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. ग्रंथालयाचीं कपाटें लावून आम्ही निघणार, इतक्यांत दहावींतील एका विद्यार्थिनीच्या मातुःश्री दारांत येऊन उभ्या राहिल्या. या बाई घरीं विड्या वळण्याचें काम करितात. त्यांच्या पदराखालीं आमच्या ग्रंथालयाचा शिक्का असलेलें एक पुस्तक होतें. कविता महाजन यांची 'ब्र' ही ती कादंबरी.

"सर, हे पुस्तक शाळेनंच दिलं का?" त्यांनीं विचारिलें. आम्हीं होकार दिला.

"पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत हेच वाचत बसते. शेजारीण म्हणाली, ह्यातली बाई नवऱ्याच्या घरात राहत नाही, गावोगाव हिंडते. इकडं पाहुणे पोरीला बघायला येतो म्हणालेत. हे वाचून तिनं उद्या सगळ्यांसमोर नाही म्हटलं, तर आम्ही काय करायचं?"

आम्हीं जें उत्तर दिलें, तें आठवलें म्हणजे संकोच वाटतो. वाचनानें मन विशाल होतें, असें कांहींसें आम्ही बोलून गेलों. अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं मुलीचा विवाह करणें कायद्यास मान्य नाहीं, हेंही ऐकविलें. कायदा त्यांस ठाऊक होता. त्यांचा प्रश्न निराळा होता. पुस्तक टेबलावर ठेवून त्या निमूटपणें निघून गेल्या. त्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आज, बरेंच उशिरां, देऊं पाहत आहों. तोच प्रश्न आणखीही कित्येक पालकांच्या मनांत असेल, म्हणून तें या अंकांत देत आहों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, स्त्रीच्या सुखदुःखाचा प्रश्न मराठी कादंबरींत मागाहून शिरलेला नाहीं; कादंबरीचा आरंभच त्या प्रश्नानें झाला. १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला आणि १८५७ सालीं बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालें. मराठींतील ही पहिली कादंबरी एका ख्रिस्ती लेखकानें लिहिली, याचा आम्हांस अभिमान वाटतो. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासास निघते, ठिकठिकाणीं विधवांची दुर्दशा पाहते, आणि पुढें तिच्यावरच तो प्रसंग ओढवतो. कायदा कागदावर झाला, तरी घरांतील माणसें बदलल्यावांचून त्याचा उपयोग कोणास, हें पदमनजींनीं ओळखलें होतें.

अभिमान असला तरी दोषही सांगावयास हवा. यमुना कधींच चुकत नाहीं. पावलोपावलीं लेखक तिचा हात धरून चालतो, आणि तिच्या मुखानें बहुधा तोच बोलतो. एकदां वर्गांत या कादंबरीची कथा सांगत असतां एका मुलीनें आम्हांस विचारिलें, "सर, यमुनेला कधी राग येत नाही का?" मुलीचा प्रश्न मार्मिक होता. जिचा राग आपणांस कधीं दिसत नाहीं, तिच्या निर्णयावर आपला पुरता विश्वासही बसत नाहीं.

पुढें हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून येऊं लागली. तिच्यांतील यमू फारसें कांहीं करूं शकत नाहीं. पतीनें तिला प्रेमानें शिकविलें, एवढें तिचें भाग्य. तो गेल्यावर तिचें बळानें केशवपन होतें, आणि तीही फार दिवस जगत नाहीं. परंतु झालेलें सर्व ती स्वतः, घरांतल्या साध्या बोलींत सांगते. यमुनेपेक्षां यमू दुबळी आहे. तरी वाचकाच्या मनावर तिचाच अधिकार अधिक चालतो. कारण तिची कथा तिची स्वतःची आहे. हीं दुःखें कल्पनेंतील नव्हतीं. आमच्याच जिल्ह्यांत, पंढरपुरास, १८७५ सालीं निराश्रित विधवा व त्यांचीं अर्भकें यांच्यासाठीं आश्रम उघडावा लागला, ही त्याची साक्ष आहे.

तिसरें नांव विभावरी शिरूरकर यांचें. १९३३ सालीं त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला, तेव्हां सुशिक्षित कुमारिकांचीं मनें इतक्या उघडपणें मांडणारी ही बाई कोण, म्हणून मोठी खळबळ उडाली. नांव टोपण होतें. त्याच पुढें मालतीबाई बेडेकर म्हणून सर्वांस माहीत झाल्या. त्यांच्या 'हिंदोळ्यावर' या १९३४ मधील कादंबरीची नायिका अचला पतीनें टाकलेली आहे. ती विरागवर प्रेम करते, आणि विवाहाची मोकळीक नसल्यामुळें विवाहावांचून त्याच्याशीं संसार मांडूं पाहते. प्रारंभीं कांहीं वर्षें आम्हीं हें पुस्तक निराळ्या कपाटांत, कुलपांत ठेवीत होतों. पुढें कायद्याचीं सालें ताडून पाहिलीं, आणि किल्ली कपाटालाच राहूं दिली. मुंबई इलाख्यांतील हिंदु स्त्रीला कायद्यानें घटस्फोट मिळूं लागला तो १९४७ सालीं, म्हणजे कादंबरीनंतर तेरा वर्षांनीं. अचलेनें जें केलें तें सर्वांनीं करावें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या घराला दारच ठेविलेलें नाहीं, त्यांतून ती भिंत ओलांडून गेली, असा दोष तिला द्यावयाचा कसा?

येथें आम्हां ख्रिस्ती लोकांनीं आपल्या घराकडेही पाहिलें पाहिजे. आमच्यासाठीं १८६९ सालींच घटस्फोटाचा कायदा झाला होता खरा. परंतु पतीला पत्नीचा एक अपराध सिद्ध केला म्हणजे पुरे, आणि पत्नीनें मात्र त्याच अपराधाच्या जोडीला क्रूरता, परित्याग अशा आणखी कांहीं गोष्टी सिद्ध करावयाच्या, असा त्यांत भेद होता. तो भेद २००१ सालीं दूर झाला. यमुनापर्यटनाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाच्या लेकी-सुनांनीं एकशें बत्तीस वर्षें या पक्षपाताखालीं काढलीं. शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखविण्यापूर्वीं हें आठवावें.

मालतीबाईंचा सोलापुराशीं निकटचा संबंध आला. ज्या जमातींना सरकारनें कायद्यानें 'गुन्हेगार' ठरविलें होतें, त्यांच्या येथील वसाहतींत १९३७ नंतर कांहीं वर्षें त्यांनीं काम केलें. शहराचा तो भाग आजही 'सेटलमेंट' याच नांवानें ओळखला जातो. आमचे कित्येक विद्यार्थी तेथून येतात. त्या अनुभवांतून 'बळी' ही कादंबरी १९५० सालीं निर्माण झाली. तारेच्या कुंपणाच्या आंत जन्मलेल्या माणसाला बाहेरचें जग आपलें म्हणत नाहीं, हें त्यांनीं दाखविलें. स्त्रियांच्या दुःखापासून ज्या लेखिकेनें आरंभ केला, तिची दृष्टि अशी पुढें गेली. तो दुष्ट कायदा १९५२ सालीं रद्द झाला.

आतां अलीकडील तीन कादंबऱ्यांविषयीं. शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' हिची नायिका घरांतील थोरली मुलगी आहे. आईबापांचा व बहिणींचा भार ती वर्षानुवर्षें वाहते; शेवटीं तिचें मन खचतें, आणि त्या आजारपणांत ती आपल्या आयुष्याकडे प्रथमच नीट पाहते. हिच्यावर २००९ सालीं रेणुका शहाणे यांनीं चित्रपटही काढिला. कादंबरींतील प्रेमसंबंधाचा भाग लहान मुलींसाठीं नव्हे. पण आमच्या मतें ही कादंबरी मुलींपेक्षां पालकांनीं वाचावी. 'आमची थोरली फार कर्ती हो,' असें कौतुक आपण करितों. तें करितांना तिला कधीं कोणी विचारिलें काय?

आशा बगे यांच्या 'भूमी'ला २००६ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिची नायिका मैथिली ही तमिळ वडील व मराठी आई यांची कन्या. आपली भूमी कोणती, हा तिचा प्रश्न. घरीं तेलुगू किंवा कन्नड, गल्लींत दखनी आणि शाळेंत मराठी बोलणाऱ्या सोलापूरच्या मुलांस तो समजावून सांगावा लागत नाहीं. मैथिली मोठ्यानें बोलत नाहीं, कोणाशीं भांडत नाहीं. परंतु स्वतःपुरतें उत्तर मिळेपर्यंत थांबतही नाहीं. सामर्थ्य म्हणजे आवाज नव्हे, हें मुलींनीं हिच्यापासून शिकावें.

आणि आतां 'ब्र'. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची नायिका प्रफुल्ला हिचा संसार मोडलेला आहे, आणि ती मुलापासून दुरावली आहे. एका संस्थेच्या कामानिमित्त ती आदिवासी भागांतील स्त्री सरपंचांच्या गांवीं जाते. घटनादुरुस्तीमुळें १९९३ पासून ग्रामपंचायतींत स्त्रियांस एक-तृतीयांश जागा मिळाल्या, व महाराष्ट्रांत २०११ पासून निम्म्या. पण खुर्ची मिळाली म्हणून बोलण्याचा हक्क मिळतोच असें नाहीं. 'ब्र' काढतांच काय भोगावें लागतें, तें या कादंबरींत पाहावें. पुस्तक लांबलें आहे. कोठें कोठें तें अहवालासारखें वाटतें. कांहीं प्रसंग कठोर आहेत. तरी तिन्हींत आम्हांस हीच अधिक आवडली. कारण प्रफुल्ला त्या बायकांना शिकवावयास जाते, आणि त्यांच्यापासून शिकून परत येते. ती चुकते, आणि लेखिका तिला चुकूं देते. यमुनेला जें मिळालें नव्हतें, तें हेंच.

तेव्हां समर्थ नायिका कोणती? घर सोडणारी, कीं घर राखणारी? आमच्या मतें हा प्रश्नच चुकीचा मांडिला जातो. निर्णय कोणाचा आणि त्याची किंमत कोण देतो, एवढेंच पाहावें. पवित्र शास्त्रांतील रूथेनें माहेर सोडून सासूची सोबत केली, तो तिचा स्वतःचा निर्णय होता. म्हणून ती थोर. एस्तेर राणीचीं प्रवचनें आम्हीं पुष्कळ ऐकलीं. तिच्या आधींच्या वश्ती राणीनें मद्यधुंद राजाच्या मेजवानींत सौंदर्याचें प्रदर्शन करण्यास नकार दिला, आणि राणीपद गमाविलें. तिच्यावर प्रवचन आम्हीं अद्याप ऐकलें नाहीं. आमच्यांत मुलीचें नांव एस्तेर ठेवितात, वश्ती कोणी ठेवीत नाहीं.

त्या मातुःश्रींस आतां आमचें उत्तर असें आहे : बाई, चांगली कादंबरी मुलीला घर सोडावयास शिकवीत नाहीं. निर्णय कोणाचा, हें विचारावयास मात्र ती शिकविते. हा प्रश्न मुलगी तुम्हांस विचारील, त्याची भीति वाटणें स्वाभाविक आहे. पण आज तुमच्यासमोर 'नाहीं' म्हणावयास जी शिकली नाहीं, तिला उद्यां परक्या घरीं अन्यायासमोर तें कसें साधणार? आणि 'हो' म्हणाली, तरी तें तिचें स्वतःचें आहे, हें तुम्हांस कसें कळणार?

आणखी एक. मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळणाऱ्या आणि त्या पैशांतून मुलांच्या वह्या आणणाऱ्या बाईची कादंबरी आमच्या कपाटांत नाहीं. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांचीं दहा हजार घरें २००६ सालीं उभीं राहिलीं. त्यांतील एकेका घराच्या मागें किती मोर्चे, किती खेपा व किती रात्रींची काटकसर असेल! ती कथा लिहावयास बाहेरून कोणी यावयाचें कारण नाहीं. आमच्याच वर्गांत ती लिहिणारी मुलगी बसलेली असेल. तिला आधीं वाचूं द्यावें.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती विद्यार्थिनी पुन्हां ग्रंथालयांत आली आणि तिनें तीच कादंबरी मागितली. आम्हांस आश्चर्य वाटलें. तिनें सांगितलें कीं, आई विड्या वळीत बसते व ती मोठ्यानें वाचून दाखविते, मध्येंच आई थांबविते आणि विचारिते, "मग ती काय म्हणाली?" पाहुण्यांना तूर्त येऊं नका म्हणून निरोप गेला आहे, आणि अकरावीस नांव घालावयाचें ठरलें आहे. निरोप कोणी धाडला, आईनें कीं मुलीनें, हें आम्हीं विचारिलें नाहीं. कादंबरी अर्धी झाली आहे. पुस्तक परत करण्याची मुदत आम्हीं दोनदां वाढवून दिली आहे, आणि मातुःश्रींचें मत ऐकावयास उत्सुक आहों.