आलोच!

स्वयंपाकघरातून हाक आली, की पुस्तकावरची नजर न काढता मी ‘आलोच!’ म्हणतो आणि पान संपल्यावर उठतो. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. म्हणूनच या सवयीला मी कधी दोष मानला नव्हता.

परवा अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे गेलो. तिच्या मुलाने नोकरी सोडून डाळ निवडण्याचे यंत्र बांधले आहे. घसरणीवरून डाळ पडते, कॅमेरा डागी दाणा टिपतो आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. दीड फूट खाली आलेला दाणा सेकंदाच्या हजाराव्या भागात तीन मिलिमीटर सरकतो! झोताला जरा उशीर झाला, की डागी सुटतो आणि चांगला उडतो. भाच्याच्या यंत्रात अधूनमधून नेमके हेच होई. डाळमिलवाल्याने दिवाळीपर्यंत मुदत दिली होती.

“दादा, माहे दागिने गहाण आहेत बाप्पा!” बहीण हळूच म्हणाली.

“मामा, सरासरी तर उत्तम आहे,” भाचा म्हणाला.

“दाण्याला सरासरी काय कामाची?” मी मास्तरकीच्या सुरात म्हणालो.

यंत्रातला संगणक लिनक्सवर चालतो. लिनक्स भला गृहस्थ. पण कामे भराभर उरकावीत म्हणून हातातले संपवून मगच उठणारा. त्यावर उपाय दोन. एक, लिनक्सच्याही खाली छोटासा कडक कारभारी बसवायचा. तातडीचे काम तो आधी करणार; उरल्या वेळात लिनक्सने आपला संसार करावा. झेनोमाय हा असाच कारभारी. मोठा वक्तशीर, पण त्याची रीत निराळी आणि लिनक्सची नवी आवृत्ती आली, की त्याची घडी पुन्हा बसवावी लागते. दुसरा उपाय म्हणजे लिनक्सलाच वळण लावायचे : तातडीची हाक आली, की हातातले काम आहे तिथे ठेवून उठायचे. सुमारे वीस वर्षे हे वळण बाहेरून जोडलेल्या ठिगळासारखे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते मूळ लिनक्सच्या घरात आले आणि नोव्हेंबरात ६.१२ या आवृत्तीतून सर्वांच्या हाती पडले. त्यापायी एकूण काम थोडे कमी उरकते, एवढेच.

“डाळीच्या दाण्यापुरते वळण पुरेल,” मी म्हणालो. “मात्र सरासरी पाहू नकोस. सर्वांत मोठा उशीर पाहा.”

संगणकावर नाना कामांचे ओझे लादून आम्ही रात्रभर मोजणी केली. पहाटे पाहिले, तर सर्वांत मोठा उशीर मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत! यंत्र पुन्हा मिलमध्ये गेले आहे. ते राहते की परत येते, हे दिवाळीला कळेल.

घरी आलो. संध्याकाळी हाक आली. वाक्य अर्धे टाकून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

पत्नीने मला आपादमस्तक न्याहाळले आणि काळजीने विचारले,

“बरं वाटत नाही का तुम्हाला?”