रांग मोडते तेव्हा

जबड्याच्या गाठीसोबत येणाऱ्या चिठ्ठीवर ‘तंबाखूची सवय’ हे शब्द इतक्या वेळा असतात की नसले तरच नजर थबकते. सुपारीलाही न शिवलेला माणूस, तोंडात जखम नाही, आणि जबडा आतून फुगलेला. अशा वेळी मनात दाताचा विचार आधी येतो. दात घडवून झाला तरी ते काम करणाऱ्या पेशींचे काही अवशेष हाडात आणि हिरडीत राहून जातात. गाठ त्यांतूनही उठते, क्वचित कर्करोगही.

हाडाचा तुकडा तसाच कापता येत नाही. आम्लात ठेवून त्यातला चुना काढावा लागतो. जास्त वेळ राहिला तर केंद्रकं रंग धरत नाहीत आणि डीएनएही खराब होतो. म्हणून मऊ भाग मी आधीच वेगळा काढून ठेवतो.

स्लाइड लावली की प्रथम गाठीतल्या पेशींच्या बेटांचा काठ बघायचा. उभट पेशींची रांग, प्रत्येकीचं केंद्रक तळपडद्यापासून दूर सरकलेलं. एनॅमल बनवण्याआधी गर्भातल्या दाताची पेशी नेमकं हेच करते! मध्ये चांदणीसारख्या विरळ पेशी. एवढंच असेल तर अमेलोब्लास्टोमा : जबडा पोखरणारा, पण कर्करोग नव्हे. रांग मोडलेली, केंद्रकं लहानमोठी, जागोजाग विभाजन, मधला भाग मेलेला असं दिसलं की अमेलोब्लास्टिक कार्सिनोमाचा विचार करावा लागतो. पेशी पाण्यासारख्या स्वच्छ दिसल्या तर मी आधी सर्जनला फोन करून मूत्रपिंडाची तपासणी झालीय का विचारतो. तिथला कर्करोगही जबड्यात उतरतो, आणि दिसतो असाच.

खरी पंचाईत वेगळीच. एखादा अगदी सोज्वळ अमेलोब्लास्टोमा काही वर्षांनी फुफ्फुसात सापडतो, आणि तिथेही तेवढाच सोज्वळ दिसतो. पहिल्या स्लाइडवरून हे ओळखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017च्या वर्गीकरणात अशा पसरणाऱ्या अमेलोब्लास्टोमाला कर्करोगांच्या यादीतून काढून सौम्य गाठींत बसवलं. पेशी बघून मला ते पटतं. छातीचा एक्स-रे बघून पटत नाही. पुन्हापुन्हा उलटलेल्या गाठीच्या रिपोर्टखाली मी छातीवर लक्ष ठेवायला सुचवतो. मग सर्जनचा फोन येतो : “सौम्य म्हणताय ना? मग छाती कशाला?”